शिफारस आणि मसुदा : एका क्रियापदाचा प्रश्न

यादृच्छिक निवडीने एकत्र आलेल्या सामान्य नागरिकांनी तज्ज्ञांचे ऐकून, आपसांत चर्चा करून शिफारशी कराव्यात, ही नागरिकसभेची कल्पना आयर्लंडमध्ये विशेष रुजली. तिच्यातून पुढे आलेली गर्भपातविषयक दुरुस्ती मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी संमत झाली. ८ मार्च २०२४ रोजी मात्र देखभालविषयक दुरुस्ती ७३.९ टक्के मतांनी फेटाळली गेली. यावरून नागरिकसभेवरील विश्वास ओसरला असे अनुमान काढणे घाईचे होय. मतदारांपुढे सभेची शिफारस आलीच नव्हती.

घरातील व व्यापक समाजातील देखभालीस आधार देण्यासाठी वाजवी उपाय योजणे राज्यावर बंधनकारक असावे, असे सभेने २०२१ साली सुचविले होते. संसदीय समितीचा २०२२ चा मसुदाही याच आशयाचा होता. शासनाच्या मसुद्यात केवळ कुटुंबीयांनी परस्परांची केलेली देखभाल उरली; आणि राज्याने तिच्या आधारासाठी ‘झटावे’ एवढेच आले. वाक्यातील बंधनवाचक रूप कायम होते, हे खरे. परंतु ते बंधन आधाराचे न राहता प्रयत्नाचे झाले. निष्फळ प्रयत्नानेही त्याची पूर्तता होते!

पराभवाची कारणे अनेक असतील. प्रत्येक मतदाराने क्रियापद तपासले असेही नव्हे. तथापि अपंग व्यक्ती व त्यांची देखभाल करणारे यांच्यापैकी अनेकांचा आक्षेप नेमका याच शब्दावर होता. शासनाची सावधगिरी समजण्याजोगी असली, तरी बदललेला मसुदा मूळ सदस्यांपुढे ठेवणे अगत्याचे होते. तोवर सभा मात्र विसर्जित झालेली होती.