चान्यांचे माप

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाचे स्वयंपाकघर वाटी-चमच्याच्या मापात छापील झाले. त्या स्वयंपाकघराला महारवाडा-मांगवाडा ठाऊकच नव्हता. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मराठवाड्यातल्या याच चुलींपाशी जाते.

पाककृती म्हटली की निवड गृहीत धरलेली असते. येथे निवड कोठली? वाट्याला आलेले मांस एका दिवसात संपत नाही आणि उद्या मिळेल याची खात्री नाही. म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. दूध-तूप घरात नव्हते, म्हणून कृतीतही नाही. प्रत्येक कृतीमागे गावगाड्याचा हिशेब आहे, आणि तो उघडा पडतो हीच या पुस्तकाची खरी कमाई.

काही कार्यकर्त्यांना हे लेखन अडचणीचे वाटते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले. मग त्याची उजळणी कशाला? पण याच बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न ठेवला. ताटातून काढलेले त्यांनी इतिहासातून काढले नाही.

हॉटेलांत ठेचा-भाकरी 'गावरान' म्हणून मिरवते. चान्यांना तो मान नको. नोंद मात्र हवी. पुस्तक निघाले त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आली. ज्या आज्या अजून हयात आहेत त्यांच्याकडून आपल्या विद्यार्थ्यांनी या कृती उतरवून घ्याव्यात, मापासकट.