कै. अण्णासाहेब लठ्ठे : दिवाण आणि अर्थमंत्री

कै. अण्णा बाबाजी लठ्ठे (१८७८–१९५०) यांचें नांव आमच्या संग्राहक वाचकांस परिचित आहे तें बहुधा एका ग्रंथावरून. करवीरचे शाहू छत्रपति ६ मे १९२२ रोजीं वारले. त्यांचें दोन भागांचें इंग्रजी चरित्र लठ्ठे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलें. शाहूमहाराजांविषयीं लिहिणारा जो तो या ग्रंथाचा आधार घेतो. परंतु ज्याच्या साक्षीवर आपण इतका भरंवसा टाकतों, त्या साक्षीदाराचें स्वतःचें चरित्र मात्र उपेक्षित राहिलें आहे. लठ्ठे हे मुंबई प्रांताचे लोकनियुक्त अर्थमंत्री होते, ही गोष्ट सामान्यतः एका ओळींत उरकली जाते. हें योग्य नव्हे असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम साक्षीदाराचा विचार करूं. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्रांतील जैन समाजाचे पुढारी व कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत इंग्रजीचे प्राध्यापक. महाराजांचा त्यांजवर लोभ होता. परंतु १९१४ सालीं राजपुतळ्यास डांबर फासल्याचें प्रकरण उद्भवलें, व त्यांत संशयाचें सावट लठ्ठे यांजवर आलें. त्यांजविरुद्ध खोटी साक्ष देण्याचें भाऊराव पाटील यांनीं साफ नाकारलें, हें प्रसिद्धच आहे. पुढें लठ्ठे बेळगांवीं वकिली करूं लागले, आणि १९१६ सालीं पुण्यास जी डेक्कन रयत संस्था निघाली तिच्या प्रमुख प्रवर्तकांत ते होते. सारांश, ज्याच्या दरबाराकडून एकदां झळ सोसली त्याच राजाचें चरित्र त्यांनीं लिहिलें. अशा ग्रंथास दरबारी बखर म्हणतां येणार नाहीं. तसेंच त्यास तिऱ्हाइताची टिपणीहि मानतां येणार नाहीं. ग्रंथांतील विधानें उतरून घेतांना लेखकाचा हा दुहेरी संबंध ध्यानांत ठेवणें संशोधकाचें कर्तव्य होय. तें क्वचितच पाळलें जातें, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत लठ्ठे करवीरचे दिवाण झाले, व १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत अर्थमंत्री झाले. या दोन पदांस एकाच मापानें मोजण्याचा प्रघात आम्हांस चुकीचा वाटतो. दिवाणाचा अधिकार छत्रपतींच्या मर्जीनें येई व तिच्याबरोबर जाई. त्यानें हिशेब द्यावयाचा तो एका धन्यास. अर्थमंत्र्यास प्रथम मतदारांकडून निवडून यावें लागलें, आणि मग खर्चाची एकेक मागणी सभागृहापुढें ठेवून मंजूर करून घ्यावी लागली. एकाच गृहस्थानें हीं दोन्ही कामें केल्याचीं उदाहरणें फारशीं सांपडत नाहींत.

पेशवे दफ्तरांतील अजमास आणि ताळेबंद ज्यांच्या हाताखालून गेले आहेत त्यांस हा भेद लवकर उमगेल. वर्षारंभीं जमाखर्चाचा अजमास करावा व वर्षाअखेर ताळेबंद मांडावा, ही रीत आपणांकडे नवी नव्हे. नाना फडणिसांच्या फडांत हें काम किती दक्षतेनें चाले तें सर्वश्रुत आहे. नवें होतें तें इतकेंच, कीं अजमास नामंजूर करण्याचा हक्क आतां रयतेच्या प्रतिनिधींस मिळाला. तोहि पुरता नव्हे. १९३५ च्या कायद्यान्वयें गव्हर्नरचें वेतन, कर्जाचें व्याज, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार इत्यादि रकमा मतदानाबाहेर ठेविल्या होत्या. उरलेल्या क्षेत्रांत मंत्र्यानें काय केलें, हाच परीक्षेचा विषय होय.

ती परीक्षा दारूबंदीच्या प्रकरणीं होते. अबकारीचें उत्पन्न हा प्रांताच्या तिजोरीचा मोठा आधार होता, आणि मंत्रिमंडळानें तोच सोडण्याचा संकल्प केला. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी सुरू झाली. तूट भरण्यासाठीं त्याच वर्षीं शहरांतील स्थावर मिळकतींवर वार्षिक भाड्याच्या मानानें शेंकडा १० कर बसविण्यांत आला. घरमालकांनीं मोठा गिल्ला केला, व हा कर म्हणजे वेषांतर केलेला प्राप्तिकर असून तो प्रांताच्या अधिकाराबाहेरचा आहे, असा वाद हायकोर्टांत नेला. हायकोर्टानें कर वैध ठरविला.

आमचें मत असें. उत्पन्नाचें एक साधन सोडतांना दुसरें उघडपणें दाखविण्याचें धैर्य लठ्ठे यांजपाशीं होतें; कर्ज काढून तूट झांकण्याचा सोपा मार्ग त्यांनीं पत्करला नाहीं. हा गुण मान्य केलाच पाहिजे. तथापि दोषहि झांकूं नये. नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, १९४० सालीं हायकोर्टाच्या निर्णयानें दारूबंदीची घडी विसकटली, पण तिच्यासाठीं बसविलेला कर मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिला. हेतु नाहींसा झाल्यावर कराचें काय व्हावें, याची तरतूद कायदा करतांनाच व्हावयास हवी होती. ज्यानें दिवाणगिरींत तिजोरी आंतून पाहिली होती, त्यास हा धोका दिसावयास हवा होता, असें म्हणणें अन्यायाचें होणार नाहीं.

हा निर्णय आम्ही चरित्रलेखांवरून दिलेला नाहीं. त्याचीं साधनें कायदे, न्यायनिवाडे, कायदेमंडळाचे छापील वृत्तांत व अंदाजपत्रकें हीं आहेत. १९३७ च्या जुलैंत नव्या विधानसभेची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलांतच झाली. म्हणजे हें साधन आपल्या गांवचें आहे. असें असतां आमचे संग्राहक शंभर वर्षांपूर्वींची रोजकीर्द रेशमी रुमालांत बांधून ठेवितात आणि १९३८ चें अंदाजपत्रक रद्दींत घालतात. मोडी अक्षर नाहीं एवढ्याकरितां कागदाची किंमत कमी होत नाहीं. ज्या हिशेबावर रयतेनें प्रथमच आपलें मत दिलें तो हिशेब उद्यांच्या संशोधकास फडाच्या दफ्तराइतकाच मोलाचा वाटेल. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते जपावे, त्यांची यादी करावी आणि ती संशोधकांस पाहूं द्यावी. तसें झालें तरच लठ्ठे यांचें खरें चरित्र लिहिलें जाईल.