पुरस्कारप्राप्त लघुपटांवर पीएचडी करायचीय? आधी ‘पावसाचा निबंध’ नीट ऐका

पेट पास झाली, सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली, की मराठी आणि माध्यमशास्त्राच्या विभागांत एक विषय हमखास डोकं वर काढतो : ‘पुरस्कारप्राप्त मराठी लघुपटांतील ग्रामीण बालजीवनाचे चित्रण – एक चिकित्सक अभ्यास’. शब्द थोडे मागेपुढे होतात, इतकंच. विषय वाईट नाही. लघुपट छोटे असतात, पुन्हा पुन्हा बघता येतात, गाईडही फारसा आक्षेप घेत नाहीत. खरी अडचण आहे ती ‘पुरस्कारप्राप्त’ या एका शब्दात. तुम्ही तो विशेषण म्हणून लिहिता, पण प्रत्यक्षात तुमचा नमुना तोच ठरवतो. म्हणजे नमुना तुम्ही निवडलेलाच नसतो, परीक्षकांनी आधीच निवडून ठेवलेला असतो.

आता फिल्म्सकडे या. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा अहमदनगरला संज्ञापन शिकत असताना केलेला लघुपट. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात पारधी समाजातला एक पोरगा आहे, त्याला शाळेत जायचंय. पुढे २०१७ चा त्यांचाच ‘पावसाचा निबंध’. यात शाळेतल्या मुलाला पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलंय, आणि त्याच्या घराला तर पाऊस गळतोय. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटाला कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा आणि ध्वनीचा पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’ ही एफटीआयआयमधली फिल्म, तिलाही राष्ट्रीय पुरस्कार. तिच्यात शहरातल्या घरात आई पिठाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीत एका मुलाचं सगळं जगणं दळलं जातं.

तिन्हींत शाळकरी वयाचा मुलगा, तिन्हींत घरची ओढाताण. इथे थांबलात तर ‘मराठी लघुपट बालकांच्या व्यथा मांडतात’ असा निष्कर्ष लगेच हाताशी येतो आणि प्रकरण तीन लिहून होतं. पण या निष्कर्षात मराठी लघुपट किती आणि परीक्षकांची आवड किती, हे वेगळं काढायला तुमच्याकडे काहीच नसतं. मुलांवरच्या फिल्म्सना पुरस्कार मिळतात म्हणून त्या तुमच्या यादीत आल्या, आणि यादीत मुलं दिसली म्हणून तुम्ही म्हणता की लघुपटांत मुलंच आहेत. हे वर्तुळ झालं. व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

आणि मला तर त्याहून मोठं नुकसान वेगळंच वाटतं. अशा यादीत फिल्म्स एकसारख्या दिसायला लागतात, आणि त्या तशा नाहीत.

‘पिस्तुल्या’चं सार ‘गरीब मुलाची शिक्षणासाठी धडपड’ असं लिहिलंत की फिल्म हातातून गेलीच. गरिबी आहेच, पण पारधी मुलाच्या वाटेत गरिबीच्या आधी संशय उभा असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, गावाच्या नजरेतून मात्र गेला नाही. म्हणून हा पोरगा शाळेकडे बघतो तेव्हा गाव त्याच्याकडे कसं बघतं, हे बघावं लागतं. पुढे ‘फँड्री’त (२०१३) ही नजरच सिनेमाचा कणा झाली. ‘पिस्तुल्या’तला सूरज पवार ‘फँड्री’तही आहे, तिथे तो जब्याचा मित्र पिऱ्या. तुम्हाला कलाकृतींमधला धागा दाखवायचा असेल तर तो ‘बालजीवन’ या शब्दात शोधू नका, या नजरेत शोधा.

‘पावसाचा निबंध’ तर डोळ्यांइतकाच कानानं बघायचा लघुपट आहे. बाप दारू पिऊन वाटेत पडलाय, त्याला भर पावसात घरी आणायचंय, घरात ठिकठिकाणी गळतंय. या सगळ्यात कुणी लांबलचक बोलत नाही. सगळं पावसाच्या आवाजावर चालतं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी पाऊस म्हणजे हिरवळ, मोर, इंद्रधनुष्य असं शिकवलंय. इथे पाऊस म्हणजे काम आहे : उचलणं, ओढणं, भांडी लावणं. दिग्दर्शक हे कुणाच्या तोंडून वदवत नाही, तुम्हाला तितका वेळ त्या पावसात उभं ठेवतो. माझ्या मते हीच त्याची खरी कमाई. मुलाची वही कोरी राहते, कारण निबंधाचा सगळा ऐवज जगण्यात संपलेला असतो. ‘गिरणी’तही आवाजच मुलाच्या विरोधात उभा आहे. म्हणजे या दोन फिल्म्सची तुलना ‘ध्वनी आणि श्रम’ या अंगानं केली तर काहीतरी नवं हाती लागेल. ‘बालक आणि दारिद्र्य’ हे अंग आता फार घासून गुळगुळीत झालंय.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महोत्सवात एक दिवस बसून बघा. ओळीनं फिल्म्स येतात : अनवाणी पोरगं, फाटकं दप्तर, शेवटी व्हायोलिन. पुरस्कार मिळालेल्या फिल्म्सचा विषय या मंडळींनी उचलला, त्यांतला वेळ आणि आवाज मागेच राहिला. ‘पिस्तुल्या’तली शाळेची ओढ घेतली, गावाचा संशय सोडून दिला. अशा फिल्म्सनाही कुठेतरी ढाल मिळते. यात बनवणाऱ्यांचा दोष मला कमी वाटतो, ते बिचारे परीक्षकांना काय आवडतं ते बघूनच शिकतात. पण संशोधक म्हणून तुम्हाला रस हवा तो इथे, कारण पुरस्कार नुसता निवडत नाही, पुढच्या वर्षीच्या फिल्म्स कशा असतील तेही ठरवत जातो.

हे तपासायचं कसं? पहिलं म्हणजे वेगवेगळे पुरस्कार एकाच यादीत कोंबू नका. राष्ट्रीय पुरस्कारासाठी साधारणतः सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवातल्या खेळांना त्यातून सूट मिळू शकते. त्यामुळे मोबाईलवर शूट करून तालुक्याच्या महोत्सवात पहिली आलेली फिल्म राष्ट्रीय पुरस्काराच्या शर्यतीत असेलच असं नाही. दोन्हींना ‘पुरस्कारप्राप्त’ म्हणून एकाच टेबलात मांडलं तर ते टेबल निरर्थक आहे. ‘लघुपट’ कशाला म्हणायचं हेही आधी ठरवा. ऑस्करला ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट, कानच्या स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंतचीच.

मग कॅटलॉग शोधा. काम कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत तिथेच आहे. मुंबईचा माहितीपट-लघुपट महोत्सव, आपला मिफ, १९९० पासून होतोय. अशा महोत्सवांच्या कॅटलॉगमध्ये स्पर्धेसाठी निवडलेल्या सगळ्या फिल्म्स असतात, नुसत्या जिंकलेल्या नाही. एखाद्या वर्षाच्या निवडलेल्या मराठी फिल्म्स एका रकान्यात लिहा, जिंकलेल्या दुसऱ्यात. मुलं, शाळा, गाव, जात, बाईचं काम यांपैकी काय पहिल्या रकान्यात भरपूर आहे आणि दुसऱ्यात गायब आहे? तुमचा प्रबंध त्या फरकावर उभा राहू शकतो. जमलं तर निवड समितीवर बसलेल्या दोघा-तिघांच्या मुलाखती घ्या, आणि त्यांना ‘काय आवडलं’ असं न विचारता ‘शेवटच्या फेरीत काय सुटलं’ असं विचारा.

छोट्या महोत्सवांचे कॅटलॉग बहुधा ग्रंथालयात नसतात, आयोजकांच्या कपाटात असतात. तेव्हा सिनॉप्सिस टाईप करायला बसायच्या आधी एक फोन करून घ्या.