मंगलाष्टकातील वधूचे 'आम्ही'

विवाहाच्या रूढ कल्पनेला आव्हान देणारे गीत मंडपाबाहेर गायिले जाते की मंडपात, या भेदाने त्याचे स्वरूपच पालटते. बैरूतच्या 'मश्रू लैला' या वाद्यवृंदाचे २००९ सालचे 'शिम्म अल्-यास्मीन' हे गीत पहिल्या प्रकारचे होय. प्रियकर रूढ संसाराकडे निघून गेला आहे. त्याची आपल्या आईवडिलांशी भेट घालून द्यावी, त्याच्यासह घर मांडावे, अशी इच्छा गाणारा पुरुष मागे उरला आहे. लेबनॉनमध्ये विवाह धर्मपंथांच्या कायद्यांनुसार लागतात. तेथे या 'मी'ला जागा नाही. त्याचे गाणे म्हणूनच विलाप होते.

दुसऱ्या प्रकाराचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे जोतीराव फुले यांची मंगलाष्टके. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ साली फुल्यांनी या विधींची पुस्तिका मंगलाष्टकांसह प्रसिद्ध केली. या रचनेकडे समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु तिचे खरे धाडस तिच्या व्याकरणात आहे.

परंपरागत मंगलाष्टकाचे क्रियापद 'कुर्यात्' हे होय. ते आशीर्वादपर आणि तृतीयपुरुषी आहे. कर्ता देव, नद्या किंवा ऋषी. वधूवर हे केवळ आशीर्वादाचे संप्रदान. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या या दोघांविषयी सारे बोलतात, ती दोघे मात्र मौन असतात. सप्तपदीचे मंत्रही वराच्याच मुखी येतात.

फुल्यांनी शार्दूलविक्रीडित हे परिचित वृत्त कायम ठेवले, बदलला तो वक्ता. वर वधूला संबोधून आरंभ करतो आणि वधू उत्तर देते. ते उत्तर केवळ तिच्यापुरते नाही. समस्त स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, असे ती 'आम्हां' या पदाने सांगते. मराठीत 'आपण' श्रोत्याला सामावून घेते, 'आम्ही' त्याला वगळते. लग्न लागण्याच्या क्षणी वधूने वराला वगळणारे सर्वनाम योजावे, यात परंपरेचा विच्छेद आहे. त्यानंतर ती स्त्रियांच्या अधिकारांविषयी त्याच्याकडून शपथ मागते आणि वर त्या अधिकारांच्या स्थापनेसाठी झटण्याची ग्वाही देतो. मी वचन देतो, असे साक्षीदारांसमोर म्हणणे हेच वचन देणे असते. येथे गीत हीच कृती ठरते.

या रचनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. अधिकारासाठी योजलेले क्रियापद 'देणे' हे आहे आणि देणारा पुरुष आहे. १८९१ साली, फुल्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त मात्र स्त्रीपुरुषांचे अधिकार निर्मिकाकडून आलेले मानले आहेत. तेव्हा मंगलाष्टकातील दान हे अधिकाराचे दान नसून अडवणूक सोडून देण्याचा करार आहे, असा अर्थ लावता येतो. तथापि शब्दांतील विषमता त्यामुळे पुसली जात नाही.

आज अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या कार्यालयांतून मंगलाष्टके ध्वनिवर्धकावर ऐकू येतात. आत्या, मावशी, काका स्वतः ती रचतात. मुलीची पदवी, मुलाची नोकरी, दोन्ही घराण्यांची नावे त्यांत गुंफतात. चालही अनेकदा चित्रपटगीताची असते. रूप इतके सैल झाले, तरी पुरुष बहुधा बदललेला नाही: शिकलेली, मिळवती वधू आपल्याविषयीचे कौतुक मुकाट्याने ऐकत उभी असते.

विषय नवा झाला म्हणजे गीत नवे होत नाही. बोलण्याचा अधिकार कोणाकडे गेला, हे पाहावे लागते. या कसोटीवर १८८७ सालची ती मंगलाष्टके आजच्या बहुसंख्य मंगलाष्टकांहून अधिक आधुनिक ठरतात. त्यांचे ऋण मान्य करणाऱ्या नव्या रचनाकाराने वधूला आणखी एक विशेषण न देता एक क्रियापद द्यावे, तेही प्रथमपुरुषी.