विज्ञान, अद्भुत आणि सामान्य माणूस : नारळीकर, जी. ए. आणि तेजस्वी यांच्या कथनसाहित्याचे तुलनात्मक वाचन

प्रस्तावना :

मराठीतील विज्ञानसाहित्याची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान अचूक आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि अशी कथा वाङ्मयीन कसोटीला उतरते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न विज्ञानशाखेचा अभ्यासक विचारतो, दुसरा मराठीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या गलबल्यात तिसरा एक प्रश्न मागे पडतो. अद्भुताच्या या जगात सामान्य माणसाचे स्थान कोणते? तो ज्ञानाच्या निर्मितीत सहभागी असतो, की शास्त्रज्ञांनी घेतलेल्या निर्णयांचे फळ आणि फटके तेवढे त्याच्या वाट्याला येतात? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाच्या आधारे काही कलाकृतींचा विचार केला आहे.

हा प्रश्न दुधनीसारख्या गावी अधिक तीव्रतेने जाणवतो. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील हे गाव सोलापूर–वाडी लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी कडेला वसले आहे. पलीकडे कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. येथील अनेक घरांत कन्नड बोलली जाते, बाजारात दोन्ही भाषा चालतात आणि महाविद्यालयात विज्ञान मुख्यतः इंग्रजीतून शिकवले जाते. अशा विद्यार्थ्याने विज्ञान-कादंबरी हाती घेतली, तर तिच्यात त्याला आपल्यासारखे कोणी भेटेल काय, हा केवळ रंजनाचा प्रश्न नाही. ज्ञानाच्या व्यवहारात आपल्याला जागा आहे किंवा नाही, याची पहिली कल्पना पुष्कळदा गोष्टीतूनच येत असते.

विवेचनासाठी जयंत नारळीकर यांच्या ‘प्रेषित’ (१९८३) व ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबऱ्या आणि त्यांच्या दोन कथा, जी. ए. कुलकर्णी यांचे ‘रमलखुणा’ (१९७५) आणि पूर्णचंद्र तेजस्वी यांची कन्नड कादंबरी ‘कर्वालो’ (१९८०) यांची निवड केली आहे. अवघ्या अकरा वर्षांच्या कालखंडात या साऱ्या पुस्तकांची निर्मिती झाली. ‘रमलखुणा’त विज्ञान नाही आणि ‘कर्वालो’ काटेकोर अर्थाने विज्ञानकाल्पनिका नाही; तरीही अज्ञाताशी माणसाचा संबंध हा तिन्ही लेखकांचा समान विषय आहे. तुलनेला तेवढा आधार पुरेसा आहे.

पार्श्वभूमी :

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताचे प्राबल्य होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली; त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्यास प्रारंभ केला. हरिभाऊ आपट्यांनी पुढे सामाजिक वास्तवाची वाट घालून दिली आणि अद्भुताकडे पोरवयाचे वाङ्मय म्हणून पाहण्याची दृष्टी समीक्षेत रुजली. या दृष्टीने कादंबरीचा लाभ झाला, तसा तोटाही झाला. कल्पनेने रचलेल्या जगात गंभीर विचार मांडता येतो, ही शक्यताच प्रौढ कादंबरीच्या कक्षेबाहेर गेली.

विज्ञानकथेला नवा आधार मिळाला तो मराठी विज्ञान परिषदेमुळे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ मधील स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, कारण कथेचे मूल्यमापन लेखकाच्या कीर्तीवरून होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांनी पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांना वाचक मिळवून दिले. लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या इंग्रजी संग्रहात समाविष्ट झाली.

मात्र या व्यवस्थेचा एक परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. स्पर्धा आणि दिवाळी अंक हे लघुकथेला पोसतात. लघुकथेला एक कल्पना पुरते. कादंबरीला जग लागते. त्या जगात माणसे काय खातात, कोणाचे कोणाशी पटत नाही, पैसा कोठून येतो, हेही सांगावे लागते. मराठी विज्ञानसाहित्याची कसोटी येथेच लागते.

नारळीकरांच्या कथा :

पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा निकाल वेगळा लागला असता तर, या कल्पनेवरील नारळीकरांची कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे पुण्याहून मुंबईस निघतात आणि अशा मुंबईत जाऊन पोचतात, जेथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य अद्याप चालू आहे. वाटेत गाडी सरहद्दीवर थांबते आणि परवाने तपासले जातात. विश्वासरावांना लागलेली गोळी या दुसऱ्या इतिहासात कानाजवळून निघून जाते, आणि तेवढ्याने सारा देश बदलतो.

सीमाभागातील वाचकाला यातील सरहद्दीचा प्रसंग केवळ कल्पनारंजन वाटत नाही. अक्कलकोट हे १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत संस्थान होते. शेजारचा गुलबर्गा जिल्हा प्रथम निजामाच्या राज्यात, नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कागदावरची रेषा हलली की तोच रूळ वेगळ्या राज्यात जातो, हे येथे अनुभवाने ठाऊक आहे. कथेच्या उत्तरार्धात गायतोंडे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि जमाव त्यांना हुसकावून लावतो. त्या जगाने अध्यक्षीय भाषणे कधीच मोडीत काढलेली असतात. विद्वानाला समाज ऐकून घेईलच असे नाही, ही जाणीव येथे मिस्किलपणे पण स्पष्टपणे व्यक्त झाली आहे.

‘धूमकेतू’ या कथेत हीच जाणीव घरात शिरते. हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळण्याचा धोका निर्माण होतो आणि शास्त्रज्ञ अण्वस्त्राच्या साहाय्याने त्याला मार्गावरून ढळवतात. दरम्यान घरात शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळल्यावर श्रेय यज्ञाला जाते. विज्ञान यशस्वी होऊनही समाजाच्या मनात त्याला स्थान मिळत नाही, हा या कथेचा खरा विषय आहे. तो संवादांतून आणि घरगुती तपशिलांतून साकारतो. त्यासाठी व्याख्यानाची गरज पडत नाही.

नारळीकरांच्या कादंबऱ्या :

कादंबरीत मात्र चित्र पालटते. ‘वामन परत न आला’ची मूळ कल्पना समर्थ आहे. जमिनीत खोलवर एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातील माहिती उलगडून यंत्रमानव घडवला जातो; त्याचे नाव वामन. हा यंत्रमानव स्वतःसारखे दुसरे यंत्रमानव घडवण्याची क्षमता मागू लागतो, तेव्हा त्या जुन्या संस्कृतीचा अंत कशाने झाला याचा उलगडा होतो. शीर्षकातील पुराणकथेचा उपयोग येथे अत्यंत सार्थ आहे. बटू वामनाने मागितलेली तीन पावले आणि यंत्राची लहानशी भासणारी मागणी यांतील साम्य वाचकाच्या मनात आपोआप उमटते. स्वतःची मागणी पुढे करणाऱ्या यंत्राचा प्रश्न १९८६ मध्ये दूरचा वाटत असेल. संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर तो दूरचा राहिलेला नाही.

तथापि या निर्णयात सहभागी कोण आहे? शास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ, संगणकतज्ज्ञ, अधिकारी आणि यंत्राचा गैरवापर करू पाहणारे लोक. प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरचा समाज कादंबरीत आहे, पण तो धोक्याची व्याप्ती दाखवण्यापुरता. ‘प्रेषित’मध्येही परग्रहावरील प्रगत संस्कृतीशी संपर्क हा विषय भव्य आहे. मात्र त्या भव्यतेचे ओझे मोजक्या व्यक्तींवर पडते आणि त्या व्यक्ती अनेकदा विचारांच्या वाहक ठरतात. स्पष्टीकरणाचे भाग सुरू झाले की कथन थबकते. लघुकथेत ज्या लेखकाला यज्ञ करणारे कुटुंब आणि खुर्ची नाकारणारा जमाव दिसला, त्यालाच कादंबरीच्या विस्तृत अवकाशात हा समाज क्वचित दिसतो, ही विसंगती विचारात घेण्यासारखी आहे.

जी. एं.चे जग :

जग उभारण्याच्या दृष्टीने पाहिल्यास ‘रमलखुणा’ हे मराठीतील असामान्य पुस्तक आहे. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या त्यातील दोन दीर्घकथा लघुकथेची मर्यादा ओलांडून कादंबरीच्या उंबरठ्यावर उभ्या राहतात. अनोळखी नावे, अनोळखी श्रद्धा, नाव नसलेला नायक आणि भाकिताच्या जाळ्यात सापडलेले आयुष्य यांतून जी. ए. स्वतंत्र भूगोल निर्माण करतात. आयुष्याचा मोठा काळ धारवाडमध्ये इंग्रजीचे अध्यापन करण्यात घालवलेल्या या लेखकाने मराठी–कन्नड सीमेवर राहून कोणत्याही नकाशात न सापडणारा प्रदेश रचावा, हे अर्थपूर्ण आहे.

या जगात सामान्य माणूस आहे. परंतु त्याचे सामान्यपण नियतीपुढे अर्थहीन ठरते. त्याचा व्यवसाय, भाषा, गाव यांनी त्याच्या प्राक्तनात फरक पडत नाही. नारळीकरांच्या जगात अज्ञात उकलता येते, पण ते तज्ज्ञांनाच, जी. एं.च्या जगात अज्ञात सर्वांना भेटते, पण उकलत कोणालाच नाही. म्हणजे एकाने ज्ञान दिले, पण त्याच्या निर्मितीत बहुतेकांना सहभाग दिला नाही. दुसऱ्याने सहभाग सर्वांना दिला, पण ज्ञानाची आशा ठेवली नाही.

‘कर्वालो’ : तिसरी वाट

नारळीकरांप्रमाणेच १९३८ मध्ये जन्मलेल्या तेजस्वींनी या दोहोंहून वेगळी वाट स्वीकारली. ‘कर्वालो’ मलेनाडच्या मूडिगेरे परिसरात घडते. निवेदक शेती करणारा. कर्वालो हा शास्त्रज्ञ. आणि मंदण्णा हा मध गोळा करणारा, लग्न व नोकरी यांच्या विवंचनेत असलेला खेडवळ तरुण. गाव त्याला बिनकामाचा समजते. कर्वालोंना मात्र त्याच्यात जातिवंत निसर्गनिरीक्षक दिसतो. उडणाऱ्या दुर्मीळ सरड्याच्या शोधात अखेर जी मंडळी रानात निघते, तिच्यात शास्त्रज्ञासोबत शेतकरी, छायाचित्रकार आणि स्वयंपाकीही असतात. मोहिमेचे यश अवलंबून असते ते मंदण्णाच्या नजरेवर.

शेवटी तो सरडा दरीत झेपावतो आणि हाती लागत नाही. येथे अद्भुत संपत नाही आणि ज्ञानही पराभूत होत नाही. पाहणारे मात्र बदलतात. विनोद, गावगाडा, उधारी, भांडणे यांच्यामधूनच उत्क्रांतीचा विचार वाट काढतो. स्पष्टीकरण येते तेव्हा ते कोणाच्या तरी कुतूहलाला दिलेले उत्तर असते, त्यामुळे कथन थबकत नाही. ज्ञानाचा एक मोठा वाटा पदवी नसलेल्या माणसापाशी असू शकतो, हे तेजस्वी सिद्धान्त म्हणून सांगत नाहीत. कथानकाची रचनाच तशी करतात.

एक संभाव्य आक्षेप :

नारळीकरांचा उद्देश विज्ञानाचा प्रसार हा होता, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांना समाजचित्रणाची कसोटी लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्य आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या या शास्त्रज्ञाने मराठीत वैज्ञानिक परिभाषा रुळवली आणि एका पिढीला आकाशाकडे पाहण्यास शिकवले; २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ही त्या कार्याला मिळालेली वाङ्मयीन मान्यताही होती. २०२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर या ऋणाची जाणीव अधिकच गडद झाली. परंतु प्रसाराच्या उद्देशानेच पाहिले तरी प्रश्न उरतो. विज्ञान इतरांनी करावयाचे आणि आपण समजून घ्यावयाचे, अशी वाचकाची धारणा झाली, तर प्रसार अर्ध्यावर राहतो. ‘धूमकेतू’च्या शेवटी श्रेय यज्ञाला जाते, त्याचे कारणही हेच आहे. त्या घराला धूमकेतू ढळवण्याच्या कामात वाटा नव्हता, यज्ञात होता.

निष्कर्ष :

१. विवेचित कलाकृतींपुरते पाहता, नारळीकरांच्या कथांत समाज आणि विज्ञान यांचा संघर्ष जितका जिवंत आहे, तितका तो त्यांच्या कादंबऱ्यांत नाही. कथाप्रधान स्पर्धा व दिवाळी अंकांची परंपरा हे मराठी विज्ञान-कादंबरीच्या या मर्यादेमागील एक कारण असू शकते.

२. जी. एं.नी अद्भुत जगाची घडण मराठीत सिद्ध करून दाखवली. मात्र विज्ञानसाहित्याने त्या घडणीचा पुरेसा उपयोग करून घेतलेला दिसत नाही. या दोन धारा समीक्षेनेही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या.

३. ‘कर्वालो’ने दाखवलेली वाट सीमाभागातील महाविद्यालयांना विशेष जवळची आहे. कन्नड मूळ वाचू शकणारा आणि मराठीत लिहू शकणारा विद्यार्थी या भागात उपलब्ध आहे. मराठी, कन्नड व विज्ञान या विभागांनी ‘वामन परत न आला’ आणि ‘कर्वालो’ एकत्र वाचनासाठी नेमल्यास, आंतरविद्याशाखीय अभ्यास या शब्दाला प्रत्यक्ष आशय लाभेल.

तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात भाव, पाऊस आणि कीड यांविषयीचे बारीक निरीक्षण रोज होत असते. ते निरीक्षण करणारा माणूस मराठी विज्ञान-कादंबरीत निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीला बसेल, तेव्हा त्या कादंबरीला तिचे जग सापडले असे म्हणता येईल.