दोनच रंगांचं यंत्र

मराठी भाषेला माणसाच्या कातडीचं भारी कौतुक. गोरापान, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा आणि वधूपित्याच्या पत्रातला खास 'उजळ सावळा'. एवढ्या छटा रंगाच्या दुकानातही मिळायच्या नाहीत. फॅक्स या यंत्राला मात्र दोनच रंग ठाऊक: काळा आणि पांढरा. नाटका-सिनेमांची समीक्षा रोजच होते, या यंत्राची कोणी केलेली नाही. ती मी करतो.

निमित्त घडलं आमच्या पूर्णेत, १९९०च्या दशकात. शेजारच्या मुलाला पुण्याचं स्थळ सांगून आलं. मुलीचा भाऊ कॉम्प्युटरवाला. साधा फोटो पोस्टाने पाठवला तर कॉम्प्युटरची अब्रू काय राहिली? त्याने बहिणीचा चेहरा टर्मिनलच्या पडद्यावर आणला, तिथून फॅक्सच्या साच्यात घातला आणि स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर धाडला.

कागद पाहून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही मुलगी आहे की तवा?"

आता यात मुलीचा काय दोष? टर्मिनलवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. एकाखाली एक सहा ठिपक्यांची उभी पट्टी, तिचं नाव 'सिक्सेल'. 'व्हीटी ३४०' टर्मिनलवर असे ठिपके एका वेळी १६ रंगांत दिसत. फॅक्ससाठी या उभ्या पट्ट्या सोडवून आडव्या ओळी करायच्या, ओळीत १७२८ ठिपके, आणि प्रत्येकाला दरडावून विचारायचं: काळा की पांढरा? मध्ये एक रेघ आखलेली. तिच्या वर तो पांढरा, खाली तो काळा. गव्हाळ रंग रेघेच्या केसभर खाली राहिला की थेट डांबर! ३४ मार्क मिळवणाऱ्याच्या हातावर भोपळा ठेवण्यातलाच प्रकार.

भावाला कळवलं. तो म्हणाला, "दुसरी रीत आहे." ती फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. करड्या ठिपक्याला सक्तीने काळा केलं, तर जितका अन्याय झाला तितकी भरपाई शेजारच्या ठिपक्यांत वाटायची. काळे-पांढरे ठिपके असे शिंपडले जातात, की डोळ्याला करडा रंग भासतो. वर्तमानपत्रांतले फोटोही ठिपक्यांच्या जिवावरच जगत आले.

दुसरा कागद आला. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हिला देवी येऊन गेल्या वाटतं!"

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. १९८० साली ठरलेल्या 'ग्रुप ३' पद्धतीत फॅक्स ठिपके एकेक पाठवत नाही, मोजून पाठवतो. पूर्णा जंक्शनवर उभ्या-उभ्या मालगाडीचे डबे मोजावेत तसं: इतके पांढरे, मग इतके काळे. ओळ कोरी असली, तर १७२८ ठिपके शून्य-एकच्या अवघ्या १७ अंकांत उरकतात. पण एकाआड एक काळा-पांढरा आला, की दर जोडीला ९ अंक, म्हणजे ओळीला ७७७६! एकेक ठिपका नुसता सांगितला असता, तर १७२८मध्ये भागलं असतं. थोडक्यात, कोरा कागद स्वस्त आणि करडा चेहरा महाग. ही पद्धत ठरवणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे टाइप केलेली पत्रं होती, उपवर मुली नव्हत्या. आपल्यापुढे तर मुलीच असतात ना? तरी 'गोरी हवी' अशी रेघ आपण आखतोच. फॅक्सच्या डोक्यावर निदान एसटीडीचं मीटर पळत असायचं. आपल्याला कसली घाई?

मी तो दुसरा कागद भिंतीला चिकटवला आणि वहिनींना दहा पावलं मागे नेलं. देवीचे व्रण नाहीसे झाले आणि एक हसरी, तरतरीत मुलगी दिसू लागली. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाकीडोळी छान आहे हो!" पुढच्याच आठवड्यात मुलगा गाडीत बसला, पुण्याला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला, आणि लग्न झालं.

तो फॅक्स वहिनींनी अजून जपून ठेवलाय. थर्मल कागद तो, छाप फिकी होत होत चेहरा जवळजवळ पुसला गेलाय आणि कागद हळद लागल्यासारखा पिवळा पडलाय. सून मात्र आहे त्याच रंगाची आहे. तो नेमका कोणता, हे सांगायला वहिनींना आता जरा आठवावं लागतं.