आरजी-२१३/यू, ५० ओहम

नव्या केबलचं वेटोळं हातात आलं की मी आधी तिच्या अंगावरचा मजकूर वाचतो. काळ्या आवरणावर बारीक पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, हातभर अंतराने पुन्हा पुन्हा छापलेली: आरजी-२१३/यू, ५० ओहम. हॅम रेडिओवाल्याच्या घरी सेटचं कौतुक होतं, गच्चीवरच्या अँटेनाचं होतं. दोघांना जोडणाऱ्या तारेकडे कुणी बघत नाही. मला मात्र ही ओळ मनापासून आवडते. तिच्यात बरंच काही लिहिलेलं आहे, आणि जे लिहायचं राहिलंय तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

पहिली दोन अक्षरं ‘रेडिओ गाइड’ची. नावं ठेवण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याची. २१३ हा नुसता यादीतला नंबर, त्यावरून केबल जाड की बारीक तेही कळत नाही. आरजी-५८ पाच मिलिमीटर जाडीची, २१३ दहाच्या थोडी वर, आणि १७४ जेमतेम पावणेतीन.

ओळीचा जीव आहे तो ५० या आकड्यात. मल्टिमीटर लावून हे ५० ओहम शोधायला गेलात तर सापडणार नाहीत, कारण हा तारेचा रोध नव्हे. केबलमधून धावणाऱ्या लहरीत व्होल्टेज आणि करंट यांचं जे गुणोत्तर राहतं, ते हे. मग ५०च का? मध्ये तार आणि भोवती जाळी अशी जी केबल, ती कोॲक्स. दोन्हींच्या मध्ये नुसती हवा असलेली कोॲक्स घेतली तर सर्वात कमी शक्ती वाया जाते ७७ ओहमच्या आसपास, आणि सर्वात जास्त शक्ती पेलली जाते ३० ओहमला. पन्नास हा या दोघांच्या मधला आकडा. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत हे ओळखून केलेली ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते.

आता केबल कापून तोंडाकडून बघा. मध्ये तांब्याच्या सात बारीक तारांचा पीळ, सव्वादोन मिलिमीटरचा. त्याभोवती दुधी पॉलिथिन, सव्वासात मिलिमीटरपर्यंत. त्यावर तांब्याची जाळी आणि मग काळं आवरण. शेजारी आरजी-५८ धरा: आतली तार ०.९ मिलिमीटर, पॉलिथिन २.९५. भागाकार केला तर दोन्हीकडे सव्वातीनच्या आसपास उत्तर येतं. म्हणून दोन्ही ५० ओहमच्या. आकडा जाडीवर ठरत नाही, प्रमाणावर ठरतो. एवढ्याशा काळ्या दोरीत हे प्रमाण शंभर मीटरभर तसंच्या तसं राखलेलं असतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

प्रमाण तेच, तर मग जाड केबलला जास्त पैसे कशाला? ओळ इथे गप्प आहे. रेडिओ लहरींचा करंट तांब्याच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जातो. १४ मेगाहर्ट्झला ही कातडी साधारण १८ मायक्रॉनची, आणि फ्रीक्वेन्सी वाढेल तशी ती आणखी पातळ होते. जाड तारेला पृष्ठभाग जास्त, म्हणून तिच्यात तूट कमी. ७ मेगाहर्ट्झवर, जिथे आपल्याकडचे बरेच हॅम सकाळ-संध्याकाळ भेटतात, ३० मीटर आरजी-५८ मध्ये एखादा डेसिबल जातो. तिथे जाड केबलचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र तेवढ्याच लांबीत सुमारे सहा डेसिबल जातात, म्हणजे पाच वॅटमधला सव्वा वॅट गच्चीवर पोचतो. तिथे २१३ टाकली तर निम्म्याहून थोडी जास्त शक्ती वर जाते.

हे मला केबलनेच शिकवलं. गच्चीपासून माझ्या खोलीपर्यंत ३० मीटर आरजी-५८ होती. एका पावसाळ्यानंतर आमचे संदेश पुढे पाठवणारा रिपीटर १४५ मेगाहर्ट्झवर माझं ऐकेना, पण किती शक्ती परत फिरते त्यावरून जुळणी सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर दाखवत होता १.७. दोनच्या आत म्हणजे अँटेना ठीक, असं समजून मी दोन महिने सेटमध्येच दोष शोधत राहिलो. शेवटी वर चढलो तर अँटेनाकडचा जोड गंजून सुटलेला. मग कागदावर हिशेब मांडला. पाच वॅट निघाले, सव्वा वॅट टोकाला पोचले. पुढे वाट नाही म्हणून ते सगळे परत फिरले, आणि उतरताना त्यातलेही तीन चतुर्थांश खर्ची पडले. मीटरला परत आलेले दिसले जेमतेम ०.३ वॅट. केबल जितकी जास्त खाते तितका मीटर जास्त समाधानी दिसतो. तेव्हापासून मी मीटर गच्चीवर नेऊन, अँटेनाजवळच वाचतो.

उलट स्वभावाची लाइन म्हणजे दोन उघड्या तारांची शिडी. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, त्यानंतर घराघरांच्या अँटेनातून खाली उतरणारी ३०० ओहमची चपटी पट्टी आठवते ना, तिचीच ही थोरली बहीण, बहुधा ४५० ओहमची. मध्ये जवळजवळ सगळी हवाच, आणि तेवढ्याच शक्तीला करंटही कमी, म्हणून शॉर्टवेव्हवर तिच्यात फारच थोडी शक्ती वाया जाते, अँटेना नीट जुळलेली नसली तरी. दोन तारांतला करंट समान आणि उलट दिशेचा, त्यामुळे दुरून बघता एकीचं क्षेत्र दुसरी पुसून टाकते. पण तिच्याजवळ लोखंडी ग्रिल किंवा नळ आला की हा तोल बिघडतो. मोकळं अंगण असेल त्याने जरूर शिडीच लावावी. आमच्या इमारतीच्या डक्टमधून मी तिला कशी उतरवणार? कोॲक्सचं सगळं क्षेत्र जाळीच्या आत कोंडलेलं असतं, म्हणून ती पाण्याच्या पाइपाला बांधली तरी चालते.

फक्त पाणी आत जाऊ द्यायचं नाही. जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. ती जुनी केबल मी वरच्या टोकाकडून वीतवीत कापत गेलो. तांबं काळं, पुन्हा काळं, मग हिरवट. लाल तांबं दिसायला दीड मीटर केबल गेली. आता जाड २१३ टाकली आहे. खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे ओघळ तिथेच गळतो. आणि वरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळताना खालून वर जातो, कोकणातल्या घरावर कौलं चढवतात तसा, प्रत्येक वेढ्यावर वरचा वेढा अर्धा चढलेला.